सगळं कार्यालय निरंक

तपासणीच्या पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजून गेल्यावरही हॉलमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पंखे बंद, फायली दोरीनं बांधलेल्या, कॅल्क्युलेटर खणात. दाराजवळ स्टुलावर बसलेला शिपाई राठोड उठून उभा राहिला. स्टाफ कुठे आहे, असं त्याला विचारलं.

"मोजाले गेले, सायेब."

यवतमाळ जिल्ह्यात हिवाळ्यात याच्यापुढे काही विचारावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. त्या काळात कापूस सरकारी संकलन केंद्रावर द्यावा लागे. केंद्रावर गाड्यांची रांग लागे. नंबर कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसे. नंबर आला की ग्रेडर हातानं रुई ओढून बघे, तिचा धागा किती लांब निघतो त्यावर माल कोणत्या दर्जात बसतो ते सांगे आणि मग मोजणी होई. त्या वेळी मालक हजर नसला तर चांगला मालही खालच्या दर्जात जाण्याची भीती असे. म्हणून कापूस मोजणीसाठी मागितलेली रजा जिल्ह्यातला कोणताही साहेब नाकारत नसे. लग्न आणि आजारपण यांच्यापेक्षा ते कारण भक्कम मानलं जाई.

ती वर्षं कापसाला वाईट होती. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत असे आणि ते कशासाठी येई हे सगळ्यांना माहीत आहे. इथे विषय वेगळा आहे.

मी तेव्हा एका सरकारी खात्याच्या विभागीय तपासणी पथकात लेखाधिकारी होतो. त्याआधी काही वर्षं एका दैनिकात उपसंपादक म्हणून काढली होती. खात्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. कार्यालय यवतमाळ शहराच्या कडेला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं.

तपासणीत तीन गोष्टी पाहायच्या असतात. एक, नेमणुका नियमानं झाल्या का. दोन, वेतननिश्चिती, म्हणजे पगारवाढ किंवा बढती मिळाली तेव्हा कर्मचाऱ्याचा नवा पगार बरोबर ठरवला का. तीन, मत्ता व दायित्व विवरणपत्रं. आपल्या आणि कुटुंबाच्या नावे काय मालमत्ता आहे, कोणाचं काय देणं आहे, हे कर्मचाऱ्यानं दर वर्षी लिहून द्यायचं असतं. पहिल्या दोन गोष्टींना वेळ लागतो. तिसरी कोणी वाचत नाही. आली की नाही एवढंच बघतात.

कार्यालय अधीक्षक देशमुख यांनी मात्र आल्या आल्या तिसऱ्याच गोष्टीची फाइल पुढे केली. देशमुख पन्नाशी उलटलेले, स्वच्छ अक्षराचे, नियम पाठ असलेले गृहस्थ.

"एवढं एक प्रकरण पाहून घ्या, साहेब. बाकी सगळं निरंक आहे."

निरंक हा सरकारी कागदावरचा शब्द आहे. सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. कार्यालयातल्या सर्व कर्मचाऱ्यांनी विवरणपत्रात निरंक लिहिलं होतं. शेती निरंक, घर निरंक, कर्ज निरंक. बरीचशी विवरणपत्रं एकाच हस्ताक्षरात होती, खाली सह्या तेवढ्या वेगवेगळ्या. आस्थापना शाखेचा लिपिक दर वर्षी सगळ्यांची भरून टाकत असे आणि पगाराच्या दिवशी सह्या घेत असे. यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. रेशनचा अर्ज जसा शेजारी भरून देतो, तशातला प्रकार.

अपवाद एकच होता. श्रीमती शालिनी मेश्राम, कनिष्ठ सहायक, आवक-जावक टेबल. त्यांनी स्वतः, स्वतःच्या हातानं, विवरणपत्र भरलं होतं. कळंब तालुक्यात वडिलांनी दिलेला शेतीचा हिस्सा, तो भाऊ कसतो. लोहाऱ्याला एक प्लॉट. प्लॉटसाठी भावाकडून हातउसने घेतलेले पैसे. सोन्याची एक पोत. शेवटी शिलाई मशीन, जी लिहायची गरजच नव्हती.

याच कागदावरून त्यांना नोटीस निघाली होती. नियम असा आहे की सरकारी कर्मचाऱ्यानं जमीन किंवा घर विकत घेण्याआधी कार्यालयाला कळवायचं. बाईंनी प्लॉट आधी घेतला आणि मग कळवलं. नोटिशीला त्यांनी उत्तर दिलं होतं. कार्यालयानं उत्तर असमाधानकारक ठरवलं होतं आणि फाइलवर 'विभागीय चौकशी प्रस्तावित' असा शेरा मारला होता.

या तीन शब्दांचा परिणाम मोठा होता. बाईंची बारा वर्षं सेवा झाली होती. एकाच पदावर बारा वर्षं काढली की बढतीची जागा नसली तरी वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. ती अडली. तपासणीच्या त्याच आठवड्यात, शुक्रवारी, पदोन्नती समितीची बैठक होती. वरिष्ठ सहायकाची एक जागा रिकामी होती आणि ज्येष्ठता यादीत बाईंचं नाव पहिलं होतं. पण चौकशीच्या सावलीतल्या कर्मचाऱ्याचा निर्णय बंद लिफाफ्यात ठेवतात आणि जागा यादीतल्या पुढच्या माणसाला तात्पुरती देतात. सरकारात तात्पुरतं म्हणजे किती काळ, हे नोकरीत असलेल्या वाचकांना माहीत आहे. तपासणी पथकानं शेऱ्याला सहमती दिली की बाईंचा विषय संपत होता.

देशमुखांचा हेतू वाईट होता असं म्हणायला पुरावा नव्हता, आजही नाही. कागदांच्या गठ्ठ्यातून जो भरलेला दिसला तो त्यांनी वाचला. वाचला तेव्हा त्यात चूक सापडली. कोऱ्या कागदात चूक सापडत नाही.

आधी बाईंची नेमणूक तपासली. ती अनुकंपा तत्त्वावरची होती, म्हणजे सेवेत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाला दिलेली. पती याच खात्यात ड्रायव्हर होते. नेमणुकीत खोट नव्हती. मग बाईंना बोलावलं.

चाळिशीच्या आतल्या, उंच, चष्मा लावणाऱ्या. खुर्चीवर बसल्या, पण टेकून बसल्या नाहीत. प्लॉट घेण्याआधी का कळवलं नाही, असं विचारलं. मालकानं एका दुपारी अचानक बोलावलं आणि उद्या रजिस्ट्री नाही केली तर दुसऱ्याला देतो म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. रजिस्ट्री झाल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी त्यांनी कार्यालयाला पत्र दिलं होतं. पत्र आवक नोंदीत होतं. म्हणजे चूक झाली होती, लपवाछपवी झाली नव्हती.

"बाकीच्यांसारखं निरंक का नाही लिहिलं?"

पती वारले तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात वारसाची नोंद नव्हती, असं त्या म्हणाल्या. विम्यात नव्हती, भविष्य निर्वाह निधीत नव्हती. सगळं तोंडी होतं. साहेबांना ठाऊक, क्लार्कना ठाऊक, कागदावर काही नाही. त्या मूल कडेवर घेऊन दोन वर्षं अमरावतीच्या विभागीय कार्यालयात चकरा मारत होत्या.

"तवापासून जे आहे ते लिहून ठेवतो, सर. कोणी मागो का न मागो."

वऱ्हाडात बायका सर्रास असं 'ठेवतो, करतो' बोलतात.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नोटीस निघाल्यावर देशमुखांनी त्यांना बोलावून समजुतीनं सांगितलं होतं, की एक निरंक विवरणपत्र सही करून द्या, जुनं काढून टाकतो, नोटीसही फाडून टाकतो. बाईंनी नकार दिला.

"का? तुमचं नुकसान टळलं असतं."

"मले बढती पाहिजेच, सर. बारा वर्षं आवक-जावक केलं. पण जे लिहिलं तेच्यावरच पाहिजे. खोट्या कागदावर घेतली तं उद्या कोणीही पाय ओढून घेईल."

यात आदर्शवाद नव्हता, हिशेब होता. तो बरोबर होता.

बाईंनी जाताना एक विनंती केली आणि काम अवघड करून ठेवलं. माझ्यासाठी बाकीच्यांना गुंतवू नका, असं त्या म्हणाल्या. याच हॉलमध्ये त्यांना आणखी वीस वर्षं बसायचं होतं. आधीच अनुकंपावाली म्हणून मागे बोलत, आता चुगलखोर म्हणतील.

त्यांना स्पष्ट सांगितलं, "तपासणी तुमच्या परवानगीनं होत नाही, बाई."

"ते ठाऊक आहे. मंग त्यायले माझ्याहून जास्त शिक्षा नका देऊ."

"जी तुम्हाला, तीच त्यांना."

"चालते," म्हणाल्या आणि गेल्या.

अडचण अशी होती. एकाच नियमाखाली एकीवर चौकशी आणि बाकीचे मोकळे, हे टिकणारं नव्हतं. पण बाकीच्यांकडे काही आहे हे दाखवणार कसं? तलाठ्यांकडून उतारे मागवता आले असते. त्यात दोन-तीन महिने गेले असते आणि समिती शुक्रवारी होती.

दुपारी राठोड चहा घेऊन आला. त्याला सहज विचारलं, तूही विवरणपत्र भरतोस का.

"वर्ग चारले ते फारम नाई, सायेब," तो म्हणाला. "म्हनून तं मी खरं बोलून राह्यलो. मायी गाडीबी लागली सेंटरवर. भाऊ बसला नंबर धरून."

तेव्हा लक्षात आलं की इथे शोधण्यासारखं काही नाहीच. कार्यालयात सगळे जण सगळं उघड बोलत होते. सकाळी अकरा वाजता रिकाम्या खुर्च्या दाखवून शिपायानं सांगितलं होतं की हे लोक स्वतःचा कापूस मोजायला गेले आहेत. आणि शेती निरंक लिहिलेले कागद शेजारच्या कपाटात होते. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत कित्येक वर्षं सुखानं नांदत होत्या. त्या एकमेकींना खोडतात, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बुधवारपर्यंत बहुतेक माणसं परतली. दुपारी चारला सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बोलवावं, अशी विनंती कार्यालयप्रमुखांना केली. ते कोल्हापूरकडचे, तरुण, यवतमाळला येऊन त्यांना दुसराच हिवाळा होता.

"विषय काय लिहू नोटिशीत?"

"चहा."

बातमीदारीत एक गोष्ट शिकवतात. माणसाला आपल्याला हवं ते विचारू नये, त्याला सांगायचं आहे ते विचारावं. चहा वाटला गेल्यावर एवढंच विचारलं, की यंदा सेंटरवर काय परिस्थिती आहे.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही.

सुरुवात भोयर यांनी केली. भोयर म्हणजे ज्येष्ठता यादीत बाईंच्या खालचं नाव. बाई अडल्या तर जागा त्यांचीच. जाडसर, बोलघेवडे, कार्यालयात लोकप्रिय. पहिल्या वेच्याचा, बर्फासारखा माल होता, असं त्यांनी सांगितलं. ग्रेडरनं नेमकी खालची मूठ उपसली, ओल आहे म्हणाला आणि एक दर्जा खाली टाकला. टंकलेखक बाईंनी रात्रभर गाडीखाली झोपलेल्या आपल्या दिराची हकिकत सांगितली. एकानं घाटंजीचं केंद्र बरं की यवतमाळचं यावर मत दिलं. दुसऱ्यानं ते खोडलं. रोखपाल म्हणाले, आमच्याकडे कवडीच जास्त निघाली. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. देशमुख इतका वेळ शांत होते. कोणीतरी त्यांना विचारलं, तुमचं काय, साहेब?

"आमचा मागच्याच आठवड्यात झाला," ते म्हणाले. "ग्रेडर ओळखीचा निघाला. चांगला बसला माल."

हॉलमध्ये हेव्याचा एक हुंकार उमटला.

मग मी विवरणपत्रांची फाइल टेबलावर ठेवली आणि म्हटलं की या कार्यालयात एक कर्मचारी सोडून कोणाकडेच शेत नाही, असं यात लिहिलं आहे.

रोखपालांनी कप खाली ठेवला. देशमुखांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मेश्राम बाई आवक-जावक टेबलाशी बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

पहिले भोयरच बोलले.

"वावर आहे, सायेब. नाई कोन म्हनते? पण तोट्याचं वावर. बी-बियानं, फवारनी, मजुरी जाऊन हाती काय येते? तेले मत्ता कायले म्हनाव?"

दोन-चार जण हसले. हसण्यात खोटेपणा नव्हता. भोयर युक्तिवाद करत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं आणि हॉलमधल्या सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मालमत्ता म्हणजे ज्यानं माणूस वर येतो ते. त्या वर्षांत शेतानं कोणी वर येत नव्हतं. पगारातून शेतात पैसा जाई, शेतातून पगारात येत नसे. मग ते मत्तेच्या रकान्यात लिहायचं कशाला? लपवण्याचा विचारही कोणी केला नसावा. बहुतेकांचं शेत वडिलांसोबत सामाईक होतं. पण नियम कुटुंबाचं विचारतो आणि हिस्सा विचारतो.

"फॉर्ममध्ये नफ्याचा रकाना नाही, भोयर," मी म्हटलं. "आहे की नाही, एवढंच विचारलंय."

"अन् नाई भरलं तं?"

"श्रीमती मेश्राम यांनी लिहिलं, पण उशिरा कळवलं. त्यांच्यावर चौकशी प्रस्तावित आहे. तुम्ही लिहिलंच नाही. उशिराला चौकशी असेल तर न लिहिण्याला काय असावं, ते तुम्हीच सांगा."

पर्याय दोनच होते. उद्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं स्वतःच्या हातानं पुरवणी विवरणपत्र भरून द्यायचं. जे भरतील त्यांना आणि मेश्राम बाईंना सारखीच लेखी ताकीद मिळावी, अशी शिफारस मी करणार होतो. ताकीद म्हणजे पुन्हा असं करू नका, असं लिहून दिलेलं पत्र. त्यानं बढती अडत नाही. जे भरणार नाहीत त्यांच्या गावच्या तलाठ्याकडे पत्र जाणार होतं.

भोयरांना हिशेब कळायला वेळ लागला नाही. गप्प राहिले असते आणि बाकीच्यांनाही गप्प ठेवलं असतं, तर शुक्रवारी जागा त्यांची होती. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी एकटीनं खरं लिहून साऱ्या हापिसले लटकवलं."

बाईंनी आता वर पाहिलं. "मी तं माझंच लिहिलं होतं, भोयर भाऊ. तुमचं तं तुमीच सांगितलं आत्ता."

राठोड दारात उभा होता. तो हसू आवरायला बाहेर गेला. भोयरही हसले, पण उशिरा.

"द्या मंग फारम," ते म्हणाले.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली आणि ती वरून आली. पुरवणी विवरणपत्रांचा गठ्ठा आणि शिफारशीची टिप्पणी पाहून कार्यालयप्रमुख चिडले.

"सगळ्या स्टाफला ताकीद? हे मी वर कसं पाठवू? माझं ऑफिस काय चोरांचं आहे?"

"चोरांचं नाही. म्हणूनच ताकीद पुरेशी आहे."

त्यांनी फाइल बाजूला सारली. एका बाईचा प्रश्न आहे, तो तेवढाच ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. चौकशी होईल, त्या निर्दोष असतील तर सुटतील, मग लिफाफा उघडू. बोलणं नियमाला धरून होतं. नियमाला धरून एखाद्याची पाच वर्षं कशी घालवता येतात, याचं ते उत्तम उदाहरण होतं.

त्यांना विचारलं, "चौकशी अधिकाऱ्यासमोर बाईंनी विचारलं की इतरांवर का नाही, तर कार्यालय काय सांगणार?"

"आम्हाला माहिती नव्हतं म्हणू."

"रजेच्या अर्जांवर कारण लिहिलेलं आहे, साहेब. स्वतःच्या शेतातल्या कापसाच्या मोजणीसाठी. मंजूर म्हणून खाली तुमची सही आहे. गेल्या वर्षीही आहे."

आपण काय मंजूर करत आलो हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं असावं. ते कापसाच्या मुलखातले नव्हते. आल्या आल्या त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की इथे ही रजा नाकारायची नसते, आणि त्यांनी ती पद्धत पाळली होती.

"ताकिदीचं पत्र मलाही निघेल का यात?" त्यांनी विचारलं.

"तुमचं विवरणपत्र माझ्या तपासणीत येत नाही."

हे उत्तर त्यांना पूर्ण आवडलं नाही, पण पुरेसं आवडलं. त्यांनी टिप्पणी पुन्हा वाचली. एक शब्द बदलला, 'गंभीर'चं 'प्रक्रियात्मक' केलं. तो बदल योग्य होता. सही केली. मेश्राम बाईंच्या फाइलवरचा 'चौकशी प्रस्तावित' हा शेरा रद्द करण्याचा आदेश त्याच संध्याकाळी निघाला. तो टाइप केला देशमुखांनी, एकही चूक न करता. आणताना म्हणाले, "नियमात बसतं हे, साहेब. मीच आधी पाहायला पाहिजे होतं." त्यांच्या स्वतःच्या पुरवणी विवरणपत्रात दोन गावांतली शेती होती.

शुक्रवारी समितीसमोर बाईंचं नाव उघड्या कागदावर गेलं आणि मंजूर झालं. बारा वर्षांची अडलेली वेतनश्रेणीही मोकळी झाली. नवा पगार ठरवताना कार्यालयानं एक वेतनवाढ कमी धरली होती, ती जाता जाता दुरुस्त केली. तो तपासणीचा नेहमीचा भाग आहे.

वाचकांना शेवट गोड वाटू नये म्हणून पुढचंही लिहितो. हॉलमधल्या प्रत्येकाच्या सेवापुस्तकात ताकिदीची नोंद झाली, बाईंच्याही. बढतीचे पेढे बाईंनी वाटले. बऱ्याच जणांनी ते कागदावर ठेवून दिले आणि तसेच सोडून गेले. भोयरांनी खाल्ला. रिकामी जागा यवतमाळची नव्हती, वणीच्या शाखेची होती. कोळशाच्या ट्रकांचा रस्ता, रोजची एसटी, शाळेत जाणारं मूल. बाईंनी हजर होण्यासाठी मुदतवाढ मागितली नाही. लोहाऱ्याच्या प्लॉटवर घर बांधायचा विचार त्यांनी पुढे ढकलला आणि तसं कार्यालयाला लिहून कळवलं. कळवायची गरज नव्हती.

या प्रकरणातून धडा काढायचाच तर तो मोठा नाही. तपासणीत लिहिणाऱ्यावर संशय आधी जातो, कारण न लिहिणाऱ्याचं काही हाताला लागत नाही. तपासणी करणाऱ्यानं हे लक्षात ठेवून मग गठ्ठा उघडावा.

पुढच्या वर्षी विवरणपत्रं जमा होण्याच्या सुमाराला वणीच्या शाखाधिकाऱ्यांचा मला फोन आला. माणूस जुना, अनुभवी आणि त्या दिवशी बराच वैतागलेला. त्यांच्याकडे आस्थापनेचं टेबल आता मेश्राम बाईंकडे होतं. शाखाधिकाऱ्यांचं स्वतःचं विवरणपत्र वरिष्ठांकडे जायचं, पण ते त्याच टेबलावरून. बाईंनी ते पुढे न पाठवता त्यांनाच परत केलं होतं, अपूर्ण असा शेरा मारून.

"तुमी काय शिकवून पाठवलं हो हे?" ते म्हणाले. "चंद्रपूर रोडच्या माह्या दोन दुकानांचं विचारून राह्यली मले. मले! अहो, बायकोच्या नावानं आहेत ते."

"दुकानं आहेत ना पण?"

"आहेत."

"कुटुंबाच्या नावे असलेली मालमत्ता लिहायची असते. बाईंचं नियमात बसतं."

"मंग आता काय करू मी?"

"भरा," मी म्हटलं. "आणि मुदतीत द्या. त्या थांबत नाहीत."